फणी

पत्र्याच्या शेडमध्ये सकाळी दगडही आखडलेले असतात.
मालोटीच्या माथ्यांवर रात्री बर्फ पडलं.
मालिनेओ कांबळ्याची पिन सैल करते,
हात चोळते, मग खोक्याचं झाकण उघडते:
भोक सतरा, खोली एकशे चार मीटर,
काळा बेसाल्ट, मध्ये एक सांधा.

दोन्ही अर्धुकं ती अलगद सुटी करते,
झोपलेल्या पोराचा हात गळ्यातून सोडवावा तशी.

मग फणी.
पोलादी सुयांची, वीतभर.
दगडावर टेकवली की एकेक सुई
आपापल्या जागी अडते, कुणी वर, कुणी खाली,
आणि कुणीच कधी न पाहिलेली एक रेघ
पेन्सिलीखाली कागदावर येते.
भिंतीवर तक्ता आहे, दहा रेघांचा.
सगळ्यांत वरची निजलेली,
सगळ्यांत खालची मोडक्या करवतीसारखी.
यातली आपली कुठली ते सांगायचं.
एवढंच काम.

तेफो रामाबान्ता, मासेरूहून आलेला, बूट अजून करकरीत,
म्हणतो, "चार."
ती अंगठा फिरवते. एकदा इकडून, एकदा तिकडून.
"सहा. उलट्या बाजूनं पाच."
"अंगठ्याला आकडे कळतात?"
"आकडे नाही कळत.
कुत्र्याला कुठल्या बाजूनं कुरवाळायचं, तेवढं कळतं."

फणी तिला नवी नाही.
हा-लेबेकोत लग्नाआधी घर लिंपताना
ओल्या मातीवर जेवणाचा काटा ओढत
तिनं भिंतीभर नांगरलेली शेतं काढली होती,
एका चौकोनात उभी तासं, शेजारच्यात आडवी.
पहिल्याच वादळी पावसात भिंत कोरी.
तिथं रेघा द्यायच्या होत्या.
इथं घ्यायच्या.

वाद मिटवायला फळी आहे.
खालचं अर्धुक पक्कं, वरचं त्यावर,
दात दातांत बसेपर्यंत,
आणि मग हँडल, सावकाश.
करवतीनं कापलेला बेसाल्ट बत्तिसालाच सुटतो,
त्याला धरायला काही नसतंच.
चाळीस.
पन्नास. तेफो खाली गोणपाट धरून वाकलाय.
साठ.
बासष्टला वरचा दगड आधी किंचित उचलला गेला,
उंबरा ओलांडावा तसा,
आणि मग गेला.
तेफोनं कागदावर गणित मांडलं,
खाली सहा लिहिला. काही बोलला नाही.

निसटण्याआधी दगड वर चढतो.
हे बघताना मालिनेओ दर वेळी श्वास धरते.
वेल्कोमच्या सोन्याच्या खाणीतून आलेल्या पत्रात
"छताची शिळा घसरली" एवढंच होतं.
कोन नव्हता.
तिथं कुणी अंगठा फिरवला होता का, ते नव्हतं.
पत्राबरोबर एक ट्रंक आली,
तिच्यात नवऱ्याचे धुतलेले दोन शर्ट,
आणि लिनेओसाठी घेतलेले बूट, तिला केव्हाच लहान झालेले.

हे ती तेफोला सांगत नाही.
पुढचं खोकं ओढते. एकशे अकरा मीटर.
हा सांधा आरशासारखा,
हिरवट, आणि त्यावर सगळे ओरखडे एकाच दिशेनं.
"हा एकदा सरकलेला आहे," ती म्हणते.
"सरकलेल्याला पुन्हा सरकायचं फारसं वाटत नाही काही."

तेफो तक्त्याकडे बघतो, सगळ्यांत वरच्या रेघेकडे.
मग हातमोजा काढतो,
आणि थंडीनं लाल झालेला अंगठा
दगडावर ठेवतो.
इकडून. तिकडून.
पुन्हा इकडून.

खाली बोगद्याकडे पाळीची गाडी उतरतेय,
आठ-दहा दिवे, कुणीतरी मोठ्यानं हसतंय.
"हे आजच कळवा," ती म्हणते. तो फोन शोधायला जातो.

ती अर्धुकं परत जुळवते, खडूचा बाण बाणाला लावून.
लगेच बसत नाहीत.
जरा हलवावं लागतं.